बेटाईम भोंगा

प्रिय रुपाली,

सप्रेम जय भीम. पत्र पाहून दचकू नकोस. तुझे बाबा सुखरूप आहेत हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. फोनवर तू "कसं चाललंय?" म्हणतेस आणि माझ्या तोंडून आपोआप "बरं आहे" निघतं. इतकी वर्षं अंगणवाडीत पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि स्वतःच्या पोरीशी मात्र असं. कागदावर तसं जमत नाही. तुझ्या मामाचा विक्की उद्या नागपूरला निघालाय, त्याच्या हाती हे देते आहे.

मला कारखान्याच्या भोंग्याची भीती वाटते, रुपाली. हसशील तू. ज्या भोंग्यावर आपलं घर उभं राहिलं, त्याची वेळ जवळ आली की माझ्या हातातलं पीठ तसंच राहतं. आधी दाराकडे बघते, मग तुझ्या बाबांच्या खुर्चीकडे. संध्याकाळचा भोंगा तर जीवच घेतो. दिवसभर मी त्याचीच वाट बघत असते आणि तो होऊ नये असंही वाटत असतं.

तुला आठवतं का, आपल्या गावात घड्याळ कुणाकडेच नव्हतं आणि कुणाचं काही अडतही नव्हतं. कारखान्याआधी इथे नुसती कपाशी आणि ज्वारी. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, साखर कारखाना आला, आणि त्या मागोमाग माणसं आली. तांड्यावरचे लखीरामचे लोक आले, फुलसावंगीकडचे आले, आपण बोरी अरबहून आलो. कोण कुठला हे विचारायला सवड नव्हती. पहाटेच्या भोंग्याला चुली पेटायच्या, दुपारच्या भोंग्याला डबे निघायचे, संध्याकाळी शिफ्ट सुटली की बाजार भरायचा. आणि तो भोंगा द्यायचे तुझे बाबा. गोविंदा भोंगेवाले! एका वर्षी गाळप लांबलं आणि चौदा एप्रिलला बॉयलर गरम होता. बाबांनी जयंतीच्या मिरवणुकीला असा काही लांब भोंगा दिला की विहारातली पाखरं उडाली. साहेबांनी बोलावून विचारलं, तर म्हणाले, "प्रेशर चेक करून राह्यलो होतो, साहेब." साहेबही हसले. पण दोरी ओढत त्या भोंग्याखाली उभं राहून राहून कान गेले त्यांचे. शेवटी शेवटी मी कानाशी ओरडले तरी नुसते हसायचे. भोंगा मात्र अजून ऐकू येतो. छातीत वाजतो, म्हणतात.

मग कारखाना बंद पडला. गाव मुकं झालं. तुम्ही पोरं नागपूर-पुण्याला पांगलात, बाजार अर्ध्यावर आला, कॉलनीच्या खिडक्या लोकांनी काढून नेल्या. बाबांना काही आठवेनासं झालं ते त्याच काळात. पण बसून असायचे बिचारे, कुणाला त्रास नाही. गेल्या हंगामात नव्या कंपनीने कारखाना घेतला आणि एका सकाळी भोंगा वाजला. बायका रस्त्यावर येऊन रडल्या गं. मीही रडले. डोळे पुसून घरात आले तर हे खुर्चीतून उठून उभे. म्हणाले, "डबा दे, ड्युटीले जातो." माझा आनंद तिथेच संपला.

सगळ्यांना वाटतं, भोंगा ऐकून ते निघतात. तसं नाही. भोंगा देणाऱ्याला भोंग्याच्या आधी पोचावं लागतं. तेव्हा ते आधीच निघतात. भोंगा झाला की ओशाळून परत फिरतात, उशीर झाला म्हणून. त्यांची वाट जुनीच, घरामागून सरळ कारखान्याकडे. पण ती पाऊलवाट राहिलीय कुठे? तिच्यावर शेजारच्या बबनरावांचा ऊस उभा, त्यापुढे आणखी दोघांचा, डोक्याच्या दुप्पट उंच. माणूस आत शिरला की दिसत नाही. कडी लावली तर दार तोडायला उठतात. रात्री माझा पदर त्यांच्या मनगटाला बांधून झोपते, पण दिवसा काय करू?

त्यात यंदा तोडणीच्या टोळ्या कमी आल्या. जळालेला ऊस वाळतो म्हणून कारखाना तो आधी तोडून नेतो, हे तुला ठाऊकच आहे. मग नंबर लवकर लागावा म्हणून लोक स्वतःच्याच हाताने फड पेटवायला लागलेत. रीत मात्र पाळतात. संध्याकाळचा भोंगा होऊन माणसं घरी गेल्याशिवाय काडी लावायची नाही, आणि लावण्याआधी ताट वाजवत, हाका मारत फडाभोवती फिरायचं. आत कुणी असेल तर निघून यावं म्हणून. हाका आणि ताट! बाबांना काय ऐकू येणार?

मागच्या बुधवारी तेच झालं. मी न्हाणीत कपडे पिळत होते. भोंगा झाला, म्हणून घाईने बाहेर आले तर खुर्ची रिकामी, डबाही नाही. आता परत येतील म्हणून मागच्या दारात उभी राहिले, तर समोर धूर. बबनराव हातात ताट घेऊन बांधावर उभे आणि आपल्या घराकडच्या बाजूने फड पेटलेला. ऊस फटाफट फुटत होता. मी ओरडले, "हे आत आहेत!" बबनरावांच्या हातून ताटच पडलं. "वहिनी, म्या ताट वाजवलं वो, पूरं वाजवलं," एवढंच म्हणत राहिले. भोंगा होऊन गेलेला, म्हणजे हे घराकडे वळलेले असणार, म्हणजे सरळ आगीकडे. कसाबसा लखीरामला फोन लावला. बाबांनीच शिकवलेला पोरगा, आज त्यांच्या जागी तोच उभा असतो. "भोंगा दे, लखीराम, भोंगा दे, थांबवू नको." वेळ नसताना दोरी कुणी ओढली हे बघायला तरी हे कारखान्याकडे वळतील, एवढंच मला सुचलं. त्याने काहून म्हणून विचारलं नाही. भोंगा सुरू झाला आणि संपेचना. तिकडे गाव गेटकडे धावलं, कारण बेटाईम, अवेळी भोंगा म्हणजे कारखान्यात अपघात. मी बांधाबांधाने कारखान्याच्या बाजूला धावले. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मला तर एक जन्म गेल्यासारखा वाटला. आणि उसातून हे बाहेर आले. भुवया जळालेल्या, सदरा काळा, डबा हातात. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रागाने म्हणाले, "हा बेटाईम भोंगा कोनं देल्ला?"

पुसदच्या डॉक्टरांनी तपासलं, हाताला थोडं भाजलंय, बाकी काही नाही. पण गेटवरच्या चेंगराचेंगरीत दोघी-तिघी पडल्या, आणि कंपनीने ठरवलं, भोंगाच नको. रविवारी संध्याकाळी शेवटचा. सोमवारपासून आतल्या आत बेल. तेव्हापासून शेजारीपाजारी माझं अभिनंदन करतात. विमलताई पेढा घेऊन आली, म्हणाली, "कांताबाई, सुटली तू. आता बसतीन भाऊजी घरी." मी पेढा हातात धरून बसले. कुणाला कसं सांगू? भोंगा झाला म्हणून तर ते परत फिरतात. झालाच नाही तर त्यांना वाटेल, माझ्यामुळे खोळंबला. मग ते धावत जातील, रुपाली, आणि परत येणार नाहीत. त्यांना बोलवायला माझ्याकडे काही उरणार नाही. फोनवर भोंगा भरून घेतला, कानाशी लावला, तर कान खाजवला त्यांनी. आणि भोंगाच नसला तर काडी कधी लावायची हे ज्याचं त्याने ठरवायचं.

तू दर दिवाळीला म्हणत आलीस, आई, चला इकडे. दरवेळी मीच नाही म्हटलं. विहार, तिथल्या माझ्या मैत्रिणी, हे अंगण सोडवत नव्हतं. आज मीच मागते आहे, आम्हाला घेऊन जा. पण शनिवारी नको, सोमवारी तर नकोच. रविवारी दुपारी जावईबापूंना, अश्वजितरावांना, गाडी घेऊन यायला सांग, माझ्या नातवाला, आयुषलाही आण. ड्युटी अर्धी टाकून तुझे बाबा कुणाच्या गाडीत बसणार नाहीत. म्हणून लखीरामशी बोलून ठेवलंय. गेटवरच्या माणसालाही त्याने समजावलंय. रविवारचा भोंगा बाबा देतील, आपल्या हाताने, मग चार्ज लखीरामला देतील. आपण गाडी गेटशीच उभी करायची. ते बाहेर येऊन "झाली ड्युटी" म्हणाले की दार उघडायचं. पोरी, उशीर करू नकोस. भोंग्याच्या आधी पोच.

तुझीच,
दाराशी बसलेली आई