डाव्या हाताची पकड

विरार, १३ डिसेंबर १९९८

डावा हात ठणकतोय. ठणकू दे.

वर्षभर सर मला कबड्डीत कधी डाव्या कोपऱ्यात, कधी मध्यात, कधी उजवीकडे उभं करत. आमच्याच संघातली पाचूबंदरची वैशाली मला ‘स्टेपनी’ म्हणायची. एक जागा पक्की नाही, तर विद्यापीठाच्या संघात कोण घेणार? मलाही तेच वाटायचं.

आज अंतिम सामन्यात उजवा कोपरा सांभाळणारी वैशालीच बाद झाली. सर ओरडले, “तू जा तिथं!” आमची एका गुणाची आघाडी, त्यांची शेवटची चढाई. तिथं डावा हात आधी जावा लागतो. गेला. चढाईवालीचा घोटा सुटला नाही. जिंकलो!

निवड करणाऱ्या बाईंनी विचारलं, “नेमकी कुठं खेळतेस?”

मी बोटांवर जागा मोजू लागले. वैशाली म्हणाली, “मॅडम, हिला कुठं पन उभी करा. फक्त माझ्या जागेवर नको!”

दोघींनाही घेतलं.