आत्म्याची खूण

प्रिय ताई,

हे पत्र शेवटापासून वाचायचं नाही. तुझी ती खोड मला माहीत आहे, कादंबरीचंही शेवटचं पान तू आधी उघडतेस. या वेळी ओळीने वाच. कालचं तुला कधी एकदा सांगते असं मला झालंय; सकाळपासून दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो शेजारी गार होऊन गेला. फोनवर सांगितलं असतं, पण फोनचं आपलं काय झालंय ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. तुझी लेक म्हणाली, "मावशी, तू लिही, पत्रं ती वाचते." तेवढ्याच भरवशावर कागद घेऊन बसले आहे.

कालचं कळायला थोडं मागून यावं लागेल. हॉस्पिटलातलं माझं काम तू एकदा येऊन बघितलं आहेस. डॉक्टर तोंडाने बोलतात, ते मी हातांनी सांगते. बहिरा पेशंट हातांनी बोलतो, ते मी तोंडाने सांगते. मध्ये स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही, हा आमचा पहिला नियम. तू त्या वेळी मला म्हणाली होतीस, "तू आणि गप्प? मग पगार त्याचाच देत असणार." तर या हिवाळ्यात एका बाइंडरची आई गेली. पुस्तकं शिवणारा, पन्नाशीचा माणूस, जन्मापासून बहिरा, घरात आईशिवाय कोणी नाही. त्याचा मामा आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रडू नकोस रे. शरीर गेलं. आत्मा कुठे जातोय? तो अमर आहे." आणि मी अडकले. शरीर सांगितलं, मेलं सांगितलं, कधीच मरत नाही हेही सांगितलं. पण कोण मरत नाही? आमच्याकडे त्यासाठी जी खूण वापरतात ती भुताच्या इतकी जवळची आहे की ती करताच तो दचकून मामाकडे बघायला लागला. मग मी बोटाने हवेत अक्षरं लिहिली. तो म्हणाला, "अक्षरं मलाही येतात. हा शब्द छापलेली कितीतरी पानं मी शिवली आहेत. ते आहे काय? माझ्या आईबद्दल काहीतरी सांगताय आणि ते मलाच कळत नाहीये."

ताई, त्या वेळी माझ्या हातांत काहीच नव्हतं. आपल्या दोघींच्या इतक्या वर्षांच्या पाठांतून मला एक साधी खूण काढता येईना.

इथे वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी उपनिषदांचा वर्ग असतो. शिकवणारे सर गणिताचे निवृत्त प्राध्यापक, बारीक आवाजाचे, फळ्यावर लिहिल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. बाइंडरला मी तिथे घेऊन गेले. सरांनी फक्त, "यांना नीट दिसतंय का?" एवढंच विचारलं. मी खिडकीकडे पाठ करून उभी होते, त्यामुळे माझे हात नुसते काळे दिसत होते. हे कळल्यावर सरांनी फळा, टेबल, खुर्च्या सगळं फिरवून घेतलं आणि उन्हाकडे तोंड करून स्वतः डोळे बारीक करत शिकवायला लागले. पुढच्या वेळी बाइंडरबरोबर रक्तलघवी तपासणाऱ्या लॅबमधली एक तरुण मुलगी आली. मग एक म्हातारं जोडपं आलं, नवरा सुतार, बायको कपडे शिवणारी. चौघंही बहिरी. आणि वर्गाचा रंगच बदलला, कारण हे लोक मान डोलावत नाहीत. कळलं नाही तर सरळ हात वर करून थांबवतात. सर एकदा मला म्हणाले, "इतकी वर्षं शिकवतोय, कोणी मला अडवलंच नव्हतं. मला वाटायचं, कळतंय सगळ्यांना."

पहिला झगडा अर्थातच आत्म्याशी झाला. मी छातीवर बोट ठेवलं. लॅबवाली म्हणाली, ती तर 'मी' ची खूण झाली, याने केली तर हा बाइंडर, टकला, चिडका. सर म्हणाले, बरोबर, तो नव्हे. मग त्यांनी एकेक वगळायला सांगितलं. शरीर मी आहे का? शरीर तर मला दिसतं. म्हणजे बघणारा वेगळा. डोळे? ते दुखतात हे मला कळतं. म्हणजे मी आणखी मागे. मन? ते बिघडलेलं मला समजतं. ताई, तू हे मला किती वेळा शिकवलंस, मी घडाघडा म्हणूनही दाखवायचे. पण ते हातांनी होताना कधी बघितलं नव्हतं. 'हे नाही' ची आमची खूण म्हणजे हाताचा एक झटका. बाइंडरने स्वतःच्या टकलाला हात लावून तो झटकला, हे नाही. नाक, हे नाही. पोट, हे तर नाहीच. लॅबवालीने तिच्या साहेबाची चाल करून दाखवली आणि त्यालाही झटकून टाकलं. खोलीभर हसणं चाललेलं, सर फळ्याला टेकून डोळे पुसतायत. मग राग झटकला, भीती झटकली, आठवण झटकली. हळूहळू झटकायला काही उरेना. एकेकाचे हात सावकाश खाली आले आणि मांडीवर उताणे पडून राहिले. कोणी हललं नाही. बहिऱ्यांच्यात हात थांबणं म्हणजे शांतता, हे मला नोकरीमुळे माहीत होतं. पण त्या दिवशी आमच्यासारखे ऐकणारेसुद्धा त्या शांततेत बसले. सर अगदी हळू म्हणाले, "आता जे उरलंय, तीच खूण." आणि मला ते हातांनी सांगायची गरजच पडली नाही.

मग बाइंडर म्हणाला, "आईचे हात थांबले, ते मी बघितलं. पण त्या हातांतून बोलणारं जे होतं ते मी कधीच बघितलं नव्हतं. आणि जन्मभर मी त्याच्याशीच बोलत होतो." एवढं बोलून तो उठला आणि खुर्च्या रचायला लागला. रडतोय हे कोणाला दिसू नये म्हणून असेल.

भक्तीच्या वेळी तर आणखीच मजा झाली. मी हात जोडून दाखवले. लॅबवाली म्हणाली, असे तर आम्ही रजा मागतानाही जोडतो. कोणी डोकं टेकवून दाखवलं. ती म्हणाली, ही भीती झाली. सर समजावत होते की भक्तीत मागणं नसतं, आपलं सगळं एकाच्या हवाली करून मोकळं होणं असतं. आणि आमची ही खटपट चालू असताना मागच्या बाकावर सुताराची बायको नेहमीप्रमाणे आपलं काम करत होती. सुताराची नजर अलीकडे जवळजवळ गेली आहे. माझे हात त्याला दिसत नाहीत. म्हणून मी जे सांगते ते ती पुन्हा स्वतःच्या हातांनी सांगते आणि तो आपले दोन्ही हात तिच्या हातांवर हलके ठेवून ते वाचतो. तिचे हात जिकडे जातात तिकडे त्याचे जातात. सरांनी मला विचारलं, ते दोघं काय करतायत? मी सांगितलं. सर फळा सोडून त्यांच्या बाकाजवळ जाऊन उभे राहिले. म्हणाले, "यांना विचारा, कसं वाटतं." सुतार म्हणाला, "सुरुवातीला तिचे हात कळायचे, खरखरीत, सुई टोचलेले. आता ती काय म्हणते तेवढंच कळतं. हात कोणाचे, हे ध्यानातच राहत नाही." त्याची बायको लाजली आणि त्याच्या बोटांवर एक चापट मारली. देव आणि भक्त दोन की एक, यावर पंडितांनी किती वाद घातले असतील. आमच्या वर्गात भक्तीची खूण तेव्हापासून तीच आहे, हातांवर ठेवलेले हात.

आता कालचं. वर्गात एक वकीलसाहेब येतात, जुने, व्यासंगी, उच्चाराला अत्यंत काटेकोर. माणूस सरळ आहे, हे आधी सांगते. काल ते उभे राहिले आणि म्हणाले, "मला कोणाचा अपमान करायचा नाही. पण वेदाला श्रुती का म्हणतात? हे ज्ञान कानांतून आलं. गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात, पिढ्यान् पिढ्या, स्वर जरासुद्धा न हलवता. त्यातला स्वरच काढून टाकला तर आपण इथे जे करतोय ते चांगलं असेल, पण ते हे नव्हे. जे ऐकूच येत नाही त्याला श्रुती कसं म्हणायचं?" आणि ताई, हे सगळं मला हातांनी सांगायचं होतं. एकही शब्द न गाळता. माझे हात जड झाले, पण मी सांगितलं. बाइंडरने ते शेवटपर्यंत बघितलं आणि सरांकडे वळून विचारलं, "म्हणजे आईबद्दल मला जे कळलं, ते खोटं?" सर खडू घेऊन फळ्याकडे वळले.

आणि मी नियम मोडला. माझ्या तोंडाने आणि माझ्या हातांनी एकाच वेळी मी म्हणाले, आता बोलतेय ती दुभाषी नाही, मी बोलतेय. मी लहान असताना माझ्या ताईला विचारलं होतं, ऋषींना मंत्र ऐकू आले तर त्यांना द्रष्टे का म्हणतात? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कारण त्यांना आधी दिसलं. ऐकणं नंतर आलं, तुझ्यामाझ्यासारख्या मागून आलेल्यांसाठी." मी म्हणाले, साहेब, ही चौघं आपल्या मागे राहिलेली नाहीत. ती बघतायत.

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता उलटतपासणी होणार. ते म्हणाले, "मंत्रद्रष्टे. हा शब्द मी स्वतः दहा ठिकाणी भाषणात वापरलाय, आणि त्यात बघणं आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही." मग ते बाइंडरच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि त्याला म्हणाले, तुमची ती आत्म्याची खूण मला दाखवाल का, मी त्या दिवशी आलो नव्हतो. बाइंडरने त्यांना पहिल्यापासून शिकवली, टकलापासून. वकीलसाहेबांचे हात असे झटकत होते जणू पाणी निथळवतायत, आणि ती लॅबवाली त्यांचं मनगट धरून पुन्हा पुन्हा सुधारत होती. उच्चाराला काटेकोर माणूस, खुणेलाही तितकाच काटेकोर निघाला.

मग बाइंडरने विचारलं, "ताई कोण?" आणि ताई, तुला न विचारता मी सगळं सांगितलं. की ती माझ्यापेक्षा किती मोठी आहे, किती जणांना तिने वेदपाठ शिकवला, तिचा स्वर कसा होता. की दोन वर्षांत तिचे दोन्ही कान गेले, यंत्राने नुसती घरघर येते. की तिने वर्ग बंद केला, कारण स्वतःचा स्वर ऐकू येत नसताना शिकवणं तिला पाप वाटतं. (वकीलसाहेब काल जे बोलले ते तूच मला पाटीवर लिहून दाखवलं होतंस, म्हणून तर माझे हात जड झाले.) की ती आता जेवायलासुद्धा खोलीबाहेर येत नाही. ते सगळे बघत होते. बाइंडर म्हणाला, "बहिरी झाली म्हणून शिकवणं सोडलं? आम्हाला इतके दिवस शिकवायला बहिरी बाई मिळत नव्हती." सर पुढच्या महिन्यात मुलीकडे कायमचे राहायला जाणार आहेत आणि या वर्गाला पुढे कोणी नाही, हे त्यांनी कालच सांगितलं. म्हणून हे पत्र. मी शुक्रवारी येतेय, बरोबर ती लॅबवाली मुलगी आहे. तिने रजा काढली आहे, हात न जोडता. ती म्हणते, खुणा आम्ही शिकवू, अर्थ ताईंनी शिकवायचा. तुला नको असेल तर दार उघडू नकोस, आम्ही अंगणात बसून राहू. पण खिडकीतून एकदा बघ. बहिऱ्यांच्यात प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं, ते मागून मिळत नाही, बाकीच्यांनीच द्यावं लागतं. तुझं त्यांनी काल ठरवून टाकलं. बोट कानापाशी ठेवायचं, तिथून उचलायचं आणि डोळ्यापाशी आणून थांबवायचं. शुक्रवारी ती मुलगी तुला त्याच नावाने हाक मारणार आहे.

तुझीच,
धाकटी