थोरल्या मगरीची अंडी न फोडण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
प्राणिसंग्रहालय.

विषय : थोरल्या मगरीची अंडी नष्ट करण्याचा आदेश मागे घेण्याबाबत.
संदर्भ : माझा अहवाल व त्यावरून निघालेला आपला आदेश.

महोदय,

मी आपल्या मगर विभागात देखभालीचे काम करते. नम्र विनंती अशी की :

१. आपल्याकडची सर्वांत वयस्क मादी, जिला आम्ही थोरली म्हणतो, तिची पुष्कळशी पिल्ले पहिला हिवाळा काढत नाहीत, हे खरे आहे. आईचे वय झाले की पिल्ले अशक्त निघतात, असे डॉक्टरांचेही म्हणणे पडले. परंतु अहवालात मी 'पुष्कळशी' हा शब्द गाळला आणि 'पिल्ले जगत नाहीत' एवढेच लिहिले. त्या अशक्त जिवांना चिमट्याने भरवून मी मेटाकुटीला आले होते. आपण माझ्या शब्दावर विसंबून आदेश काढलात; त्यात आपला दोष नाही.

२. त्यानुसार गेल्या विणीची अंडी मी स्वतःच्या हाताने फोडली. थोरली रिकामे घरटे राखत बसली, जवळ जाणाऱ्यावर फुत्कारत राहिली. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

३. यंदा अंडी फोडता यावीत म्हणून थोरलीला शेजारच्या तळ्यात हलवले, तेव्हा माझी मुलगी सोबत होती. ती मला चाळिशी उलटल्यावर झाली. सुरुवातीचे दिवस दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत होती. थोरली म्हातारी झाली, तिची पिल्ले टिकत नाहीत, असे मी मुलीला समजावले. ती म्हणाली, "मग मला का ठेवलंस?"

४. सबब यंदाची अंडी मी फोडली नाहीत. फोडल्याचे आपणांस तोंडी सांगितले, ते धादांत खोटे होते. अंडी वाळूतच आहेत. थोरलीला त्यांच्याजवळ सोडण्याची परवानगी मिळावी.

५. एवढे लिहीत असतानाच वाळूखालून पिल्लांचे आवाज येऊ लागले आहेत. थोरली जाळीला तोंड लावून बसली आहे. आज कार्यालयास सुट्टी असल्याने परवानगीची वाट पाहणे शक्य नव्हते. दोन तळ्यांमधला दरवाजा मी वर ओढला आहे. तिने वाळू उकरली. आत्ताच एक पिल्लू जबड्यात अलगद धरून पाण्यापर्यंत नेले.

ते जगेल की नाही, हे मी आता लिहून देणार नाही.

आपल्या शिक्षेस पात्र,
देखभाल कर्मचारी, मगर विभाग
(सही)

सोबत : विभागाच्या किल्ल्या.