खाऊ घालणारा हात

पुंता व्हिएहो, पोर्तो रिको
१४ जानेवारी

लाडक्या मिर्ता,

तुझं पार्सल पोचलं. आईसाठी लोकरीचा स्वेटर पाठवलास! शिकागोच्या थंडीत इथला उकाडा विसरलीस वाटतं. आम्ही ठीक आहोत. आई खाते-पिते. मीही माकडांच्या केंद्रावर कामाला जाते, माकडं मजेत आहेत.

मजेत म्हणजे, या आठवड्यात सगळ्यांना धनुर्वाताची लस टोचली. माजाच्या दिवसांत नर एकमेकांना फाडून काढतात, जखमा चिघळतात, आणि मग एखाद्याचा जबडा मिटतो तो मिटतोच. म्हणून कुणालाच सोडत नाहीत. आयांच्या पोटाला चिकटलेली पिल्लं किंचाळतात आणि केळं दिसलं की विसरतात. तरणी पोरं लबाड, सुईची पेटी पाहताच जाळीला वर जाऊन चिकटतात. म्हाताऱ्या मात्र मनात ठेवतात.

म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. जो खायला घालतो, त्यानं लशीच्या दिवशी पिंजऱ्यांकडे फिरकायचं नाही. एका तरी माणसावर त्यांचा विश्वास राहायला हवा, नाहीतर आजारपणात औषध कुणाच्या हातून जाणार? इतकी वर्षं मी त्या दिवशी कोठीत केळी चिरत बसायचे.

यंदा माकडं धरणाऱ्या एलिसेओची कंबर धरली. दोन्या पुरा तेवढी टोचायची राहिली होती. दात पडलेली आमची म्हातारी माकडीण, जिला मी रोज केळं कुस्करून भरवते. म्हटलं, मी धरते, मला ती घाबरणार नाही.

लस टोचणारे डॉक्टर बेरिओस म्हणाले, "नको, नेरेइदा. सुईला नाही घाबरणार, पण नंतर तुला घाबरेल."

मी ऐकलं नाही. हाक मारली तशी ती आली. मी तिचे हात मागे धरले आणि सुई गेली. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हापासून माझ्या हातचं खात नाही. झाडलोट करणाऱ्या कार्मिनच्या हातचं निमूट खाते. एलिसेओ चिडवतो, "आलीस ना शेवटी आमच्या टोळीत?" मी हसते आणि कोठीत जाऊन रडते.

मिर्ता, आई खाते-पिते असं वर लिहिलं, ते खरं नाही.

तिला इन्सुलिन मीच टोचते, सकाळ-संध्याकाळ. मी तिची मुलगी, हे ती विसरली. टोचणारी बाई तेवढी लक्षात आहे. मी तुरीच्या दाण्यांचा भात घेऊन गेले की ओठ घट्ट मिटते. परवा शेजारणीला म्हणाली, "त्या बाईला सांग, मला भूक नाही." आणि शेजारणीनं भरवलं तर ताटली पुसून खाल्ली. पण ती बिचारी रोज कुठून येणार? न खाता इन्सुलिन देता येत नाही, आणि न देऊनही चालत नाही. परवा संध्याकाळी आई चक्कर येऊन पडली. हे असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नळीनं भरवावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

तुझा फोन आला की ती अजून हसते. लांब राहून गोड होणं सोपं असतं, असं मी तुला किती वेळा टोचून बोलले. आता तेच हवंय गं. तुझ्या हातून तिला कधी काही दुखलेलं नाही.

ये. सुई माझ्याकडेच राहू दे, चमचा तू घे. ती जेवत असेल तेव्हा मी समोर येणार नाही. ताटली रिकामी झाल्याचं तू आईच्या खोलीतूनच सांग, मला तेवढं पुरे.

स्वयंपाकघराच्या दाराआडून,
तुझी ताई
नेरेइदा