तांदळातलं नाव

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

देवासला पोहोचले. धारहून इंदूर, इंदूरला बस बदलून देवास. मांडीवर पापडांचा डबा, पायाशी गादीची वळकटी, तरी मन कसं उड्या मारत होतं. चौतिसाव्या वर्षी पहिली नोकरी, साबणाच्या कारखान्यात क्वालिटी ऑफिसर. माझी सही झाल्याशिवाय माल गेटाबाहेर जायचा नाही. रसायनशास्त्रातली एम.एस्सी. नऊ वर्षं फोडणीच्या कामी आली, आता साबणाच्या येईल.

खोली छान आहे, खिडकीतून माताजीची टेकडी दिसते. घरमालकीण ताई निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. आल्या आल्या त्यांनी मला पोहे आणि शेव खाऊ घातली. तिकडे धारला चिऊला स्वानंद आणि सासूबाई सांभाळतील. चिऊ सात वर्षांची आहे. निघताना तिने एवढंच विचारलं, आई, तू शनिवार को आएगी ना? दर शनिवारी, असं मी कबूल केलंय. नोकरी गेली तरी बेहत्तर, शनिवार चुकणार नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दहाच्या मीटिंगमध्ये हर्षित सरांनी मला विचारलं की साबणाचा रंग फिका का येतोय. सर म्हणजे कारखान्याचे प्रमुख, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. कारण मला ठाऊक होतं, पण मी मनात वाक्यच जुळवत बसले. शेवटी लॅबमधल्या कृतिकाने तेच कारण सांगितलं आणि शाबासकी घेऊन गेली. मला सारखं वाटतं की इंटरव्ह्यूत दुसरीच कुणी पास झाली आणि पत्र चुकून माझ्या पत्त्यावर आलं. आज ना उद्या कुणीतरी येऊन म्हणेल, बाई, उठा, ही खुर्ची तुमची नाही.

संध्याकाळी स्वानंदला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, सरलाला नसेल जमत तर इरावतीला पाठव. लग्नात त्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने सरला बदलून माझं नवं नाव लिहिलं होतं, इरावती. निवड सासूबाईंची. सगळ्यांनी वाचलं, हौसेने फोटो काढले, आणि पुढे त्या नावाने मला कुणी एकदाही हाक मारली नाही. बिचारी नऊ वर्षं रिकामी बसलीय, तिलाही काम दे, असं तो म्हणाला. मी या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

सोमवार, १० फेब्रुवारी

गुरुवारपासून इरावती कामावर रुजू झाली. युक्ती सोपी आहे. गेटाशी केस वर बांधायचे, पाठ ताठ करायची आणि मनात म्हणायचं, चला इरावतीबाई. आज तिने भर मीटिंगमध्ये मशीन थांबवायला लावलं. वजन कमी भरत होतं, कुणी बोलत नव्हतं, ती बोलली. सुपरवायझर मागे कुणाला तरी इकडच्या बोलीत म्हणत होता, भिया, मॅडम तो बड़ी कड़क निकलीं. मला गंमत वाटली. गेटाबाहेर आल्यावर केस सोडले आणि ती गेली.

शनिवारी धारला जाऊन आले. चिऊ रात्रभर माझा हात धरून झोपली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

फार दमायला होतं. एका अंगाने दोघींची नोकरी करतेय असं वाटतं. आज गेटावर जयसिंगरावांनी अडवलं. ते इथले जुने पहारेकरी. म्हणाले की तुम्ही तर पावणेनवालाच आत गेलात. रजिस्टरमध्ये खरंच नोंद होती, ठसठशीत अक्षरात, इरावती. टेबलावर अकरा कागद सह्या होऊन पडलेले. सगळे तपासले. एकही चूक सापडली नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

ताई आज फार खूश होत्या. काल संध्याकाळी पाण्याच्या मोटरवरून शेजाऱ्यांना मी चांगलं सुनावलं म्हणे. काल सहापासून मी अंथरुणात होते.

आता पुरे. आज केस मोकळे सोडून गेले. मीटिंगमध्ये तोंडही उघडलं नाही. नंतर मीटिंगचा वृत्तांत आला, त्यात माझे तीन मुद्दे. तिन्ही उत्तम. मला ते सुचले नसते. मी घाबरलेय, आणि घाबरायलासुद्धा अंगात बळ नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

शनिवार चुकला. शुक्रवारी पाठ टेकली ती आज दुपारी जाग आली. रडत स्वानंदला फोन केला, माफी मागितली. त्याला कळेना मी कशाची माफी मागतेय. काल तू होतीस की, म्हणाला. चिऊला साताचा पाढा शिकवलास. पुरणपोळी केलीस. आईसुद्धा म्हणाली, आत्ता कुठे घरात सून आल्यासारखी वाटली.

मला पुरण जमत नाही. स्वानंदला हे माहीत आहे. त्याला हे माहीत होतं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

राजीनामा दिला. हर्षित सरांनी खालची सही वाचली आणि विचारलं, ये सरला कौन हैं —

संध्याकाळी घरी फोन. चिऊने घेतला. मी म्हटलं, बाळा, शनिवारी नक्की येते. ती म्हणाली, रुकिए, आई बुला रही है.

रुकिए म्हणाली. मला.

शनिवार, १ मार्च

धार. दुपार. घराच्या पायरीवर बसून लिहितेय —

दार तिनेच उघडलं. केस वर बांधलेले. भांडायचं ठरवून आले होते, बसमध्ये वाक्यं पाठ केली होती, माझी मुलगी मला परत दे — एकही —

ती म्हणाली, किती दमलात, बसा. पाणी दिलं. मी बसले. लाज वाटते लिहायला, पण बरं वाटलं. कुणीतरी सगळं नीट करतंय. मला उद्या कुठेच जायचं नाही —

आतून सासूबाई तिला हाक मारतात. त्या नावाने.

चिऊ तिच्या मागून माझ्याकडे बघतेय. आठवायचा प्रयत्न करतेय. चिऊ, मी —

तिने विचारलं, आई, ये कौन है?

मी तोंड उघडलं. सरला, एवढंच म्हणायचं होतं, तिथेच अडले. ती अडली नाही, ती कधीच अडत नाही. चिऊच्या केसांवरून हात फिरवत तिने सांगितलं की ही —