बुधवारची गोळी

मुलुंड, ९ जानेवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तू कट करतेस. पत्र कट करता येत नाही, म्हणून पोस्टाने पाठवतेय.

दर रविवारी कांदिवलीहून येऊन तू माझा गोळ्यांचा डबा भरायचीस, कारण माझ्या बोटांनी पाकिटातली गोळी दाबून निघत नाही. मी डोळे मिटून विश्वास ठेवला. आणि तू सलग पाच बुधवार आमवाताची गोळी काढून तशीच पिवळी व्हिटॅमिनची ठेवलीस! डॉक्टरांनी डबा बघितला नसता तर कळलंही नसतं. का, तर शेजारच्या नितेशने मोबाइलवर बघून सांगितलं, ही कॅन्सरची गोळी. वर ट्रॉम्बेच्या मावशीलाही कळवलंस. ती शहाळी घेऊन आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली.

आई, कॅन्सरला ती फार मोठ्या प्रमाणात देतात. मला आठवड्यातून एकदा, थोडीशीच. माझं शरीर माझ्याच सांध्यांवर उठलंय, त्याला ती आवरते. आता सकाळी दहापर्यंत मूठ वळत नाही. काल लॅबमध्ये एका आजोबांना तीनदा सुई टोचली तरी शीर सापडेना. महिन्याभरात हात सुधारला नाही तर रक्त घ्यायचं काम दुसरीला देणार आहेत. पंधरा वर्षं केलंय मी ते!

रागावलेली, तरी तुझीच,
रुचिरा

कांदिवली, १४ जानेवारी

चि. रुचिरास अ. उ. आ.

आईला असं लिहितात? विष नाही दिलं तुला. त्या गोळीने तुझे केस गळत होते, दर गुरुवारी मळमळायचं, ते मी नुसतं बघत बसू? आम्ही निर्गुंडीचा पाला बांधायचो, कुणी मेलं नाही. माझीही बोटं वाकली, संसार केलाच ना? आणि नितेश इंजिनीयर आहे, अडाणी नाही.

राजेशबरोबर तिळगूळ पाठवलाय. भावाशी तरी नीट बोल.

तुझ्यात जीव अडकलेली,
आई

मुलुंड, २० जानेवारी

ती. आईस शि. सा. न.

तिळगूळ मिळाला, पण गोड बोलणं जमणार नाही. इंजिनीयरला पुलाबद्दल विचारावं. मळमळ मला होते. ती सोसायची की नाही हे मी आणि डॉक्टर ठरवू. आणि कसला संसार केलास? साधा नळ बंद करायला शेजारणीला हाक मारायचीस, लहानपणी पाहिलंय मी. २९ तारखेला माझ्या डॉक्टरांकडे ये आणि मला म्हणालीस ते त्यांच्या तोंडावर म्हण.

वाट बघणारी,
रुचिरा

कांदिवली, ३ फेब्रुवारी

चि. रुचिरास अ. उ. आ.

तुझ्या डॉक्टरांकडे आले नाही. तुझ्यासमोर हरायचं नव्हतं. राजेशला घेऊन बोरिवलीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले, तुझे कागद दाखवायला. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि माझेच हात हातात घेतले. विचारलं, कधीपासून? म्हटलं, रुचिरा झाल्यापासून. रक्त तपासलं, एक्स-रे काढले. तुझाच आजार निघाला. वाकलेली बोटं आता सरळ होणार नाहीत, बाकीचे सांधे वाचवू म्हणाल्या.

इतका संताप आला! तुझी आजी मरेपर्यंत मला कामचुकार म्हणाली, तुझ्या बाबांनी माना डोलावल्या, आणि इतक्या डॉक्टरांकडे गेले, एकानेही हात धरून बघितले नाहीत. वात आहे, चालायचंच. मीसुद्धा तेच धरून बसले.

मावशीला फोन करून सांगितलं, तुला कॅन्सर नाही आणि चूक माझी. तू गोळी चुकवू नकोस. मला वाटत होतं मी तुला वाचवतेय, आणि मी तुला माझी बोटं देत होते.

राग ठेवलास तरी चालेल, येत जा.
आई