बद्द वाजणारे कप

५ नोव्हेंबर १९५६, सोमवार

दिवाळीचा फराळ संपला, माझा अहवाल काही संपत नाही. सव्वीस वर्षं कॉलेजात वीज शिकवली. तेव्हा वाटायचं, खरी विद्या कारखान्यात आहे. आता कारखान्यात येऊन सहा महिने झाले, तर इथे सगळ्यांना वाटतं खरी विद्या कॉलेजात! म्हणून तर मला 'सल्लागार' म्हणून ठेवलंय. मुलुंडला घरापर्यंत गाडी पाठवतात. कुंदा म्हणते, "माझा सल्ला ऐकायला तुम्ही स्वयंपाकघरापर्यंतसुद्धा येत नाही."

मार्तंडरावांच्या या भांडुपच्या कारखान्यात तारेतली वीज खांबात उतरू नये म्हणून खांबांवर बसवायचे चिनीमातीचे कप होतात. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप सात बाया लाकडी दांडीने वाजवून बघतात. खणखणीत वाजला तर चांगला. बद्द वाजला तर आत तडा — फेकून द्यायचा. आता विलायतेहून विजेचा दाब देऊन कप तपासणारं यंत्र आलंय. बाया ठेवायच्या की यंत्र, ते मी लिहून द्यायचं. म्हणजे मार्तंडरावांच्या मनात आहे ते मी लिहायचं!

८ नोव्हेंबर

तासभर सुगंधाबाईंशेजारी बसलो. बाया म्हणतात, त्यांचा कान सगळ्यांत तयार. मालवणकडच्या, पंधरा वर्षं हेच काम. मीही दांडी घेऊन वाजवून पाहिलं. मला दोन्ही आवाज सारखेच! बाईंना हसू आवरेना. "साहेब, मडक्याक तडो गेलो काय आवाज बद्द येता. तुमका आयकाक येणा नाय?"

बाजारात कुंदाही मडकं वाजवूनच घेते, हे खरं. पण ते काही शास्त्र नव्हे. बाईंनी बाद केलेले चाळीस कप तसाच विजेचा दाब देऊन बघायला जयवंतकडे धाडले. जयवंत माझा विद्यार्थी, आता कॉलेजच्या प्रयोगशाळेचा प्रमुख. माझ्याच जुन्या खुर्चीत बसतो.

१४ नोव्हेंबर

जयवंतचा निकाल आला. चाळीसपैकी अडतीस कपांनी विजेचा पूर्ण दाब सोसला. म्हणजे बाईंचा कान अडतीस वेळा चुकला! जयवंत म्हणतो, यावर दोघांच्या नावाने निबंध छापू. छाप बाबा.

१५ नोव्हेंबर

अहवाल दिला. यंत्र ठेवा, बाया नकोत; दाब सोसला तो कप उत्तम. सही करताना काहीच वाटलं नाही. थकलोय.

१९ नोव्हेंबर, सोमवार

सातही बायांना शनिवारीच सांगून टाकलं, सोमवारपासून येऊ नका. तरी आज सकाळी सुगंधाबाई फाटकाशी उभ्या. वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. पण आवाज चढवला नाही. "बाद कप पाण्यात घालून ठेवा, साहेब, मगे फोडून बघा. माझो कान खोटो नाय."

एवढंच. घरात आणखी कोण कमावतं, हेही मी कधी विचारलं नव्हतं. गाडी आत गेली. मी मान खाली घालून बसलो.

२० नोव्हेंबर

कुंदा : "बघायला काय जातंय?"

२१ नोव्हेंबर

जयवंतकडून परत आलेल्यांतले, दाब सोसलेले सहा कप घरी आणले. न्हाणीघरात बादलीभर पाण्यात लाल शाई ओतून त्यात बुडवले. तडा असेल तर शाई आत शिरेल. कुंदा ओरडली, "अहो, शिमग्याला चार महिने आहेत अजून!"

२५ नोव्हेंबर, रविवार

वरवंट्याने फोडले. सहापैकी पाच कपांच्या आत लाल रेघ. केसाएवढी, पण पार आतपर्यंत!

कोरड्या कपातला तडा यंत्राला दिसत नाही. बाईंना ऐकू येतो. हाच कप खांबावर चढला आणि दोन पावसाळे त्यात पाणी मुरलं, की वीज खांबात उतरणार. खांबाला लोक गुरं बांधतात. पोरं टेकून उभी राहतात. आणि कप उत्तम असल्याची सही माझी! लाज वाटते. जेवण गेलं नाही.

२६ नोव्हेंबर

कॉलेजात जाऊन जयवंतला तुकडे दाखवले. त्याने नुसती मान हलवली. "मीही दोन-चार शाईत घालून फोडून पाहिले होते, सर."

मग निकालात लिहिलं का नाहीस?

"तुम्ही दाबाबद्दल विचारलं होतंत. विचारलं तेवढंच उत्तर लिहावं, हे तुम्हीच शिकवलंत, सर."

हो. मीच. वर्गावर्गात, मोठ्या तोऱ्यात! जयवंतवर ओरडायला गेलो होतो, चहा पिऊन परत आलो.

२९ नोव्हेंबर

रुमालात तुकडे बांधून मार्तंडरावांपुढे ठेवले. स्पष्ट म्हणालो, माझा अहवाल चुकला, मागे घेतो. वाटलं होतं, दार दाखवतील. पण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एक तुकडा उजेडात धरून बराच वेळ बघितला.

"बरं झालं बोललात, प्रोफेसर. सगळ्या नाही, पण सुगंधाबाईंना परत बोलावतो. एवढा तयार कान वाया कशाला घालवायचा?"

आणि अहवाल?

"राहू दे हो. यंत्रही राहील, बाईही राहील."

माणूस ओळखण्यात मी चुकलो म्हणायचं. घरी येऊन दोनदा भात मागून घेतला. कुंदा बघतच राहिली.

६ डिसेंबर

सुगंधाबाई कामावर आल्यात. समोर दोन खोकी. बद्द वाजलेला कप त्या फेकून देत नव्हत्या, दुसऱ्या खोक्यात जपून ठेवत होत्या. "मालकांनी सांगल्यानी. खणखणीत ते परदेशाक, बद्द ते ह्या खोक्यात." खोक्यावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नाही. मी वाचलं. 'खेड्यापाड्यांच्या नव्या लायनींसाठी.' खाली कप उत्तम असल्याचा, माझ्या सहीचा दाखला चिकटवलेला.

"तुमच्यामुळा माका परत काम गावला, साहेब," बाईंनी हात जोडले. "देव तुमचा बरा करो."

मी 'बरं' म्हणालो आणि निघालो.